मंत्रीसाहेब, माझी गाडी ना भंगार, ना व्हिंटेज

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री साहेब, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार. कोल्हापुरातनं लिहितोय.

विषय एका १९८८ च्या टोयोटा सेलिकाचा आहे. दोन दारं, मागं नावाला सीट (तिच्यावर दप्तर बसतं, माणूस बसत नाही), आणि बटण दाबलं की बॉनेटमधनं वर येणारे लाइट. गल्लीतली पोरं तिला बेडूक म्हणतात. तुम्ही २०२२ साली टोयोटाचीच हायड्रोजनवरची मिराई घेऊन संसदेत गेला होता, तो व्हिडिओ मी दोनदा बघितलाय, म्हणून गाडीचं वेड असलेल्या माणसाशी बोलतोय असं समजूनच लिहितो, सरकारी भाषेत लिहायला गेलो तर 'महोदय'च्या पुढं सरकायचो नाही.

गाडी आमच्या काकांची. ते विलायतेत डॉक्टर होते, १९९२ ला कायमचे परत आले तेव्हा घरच्या सामानाबरोबर ही पण जहाजातनं आली, ड्युटी भरून, रीतसर नंबर घेऊन. काका असेपर्यंत दर रविवारी पन्हाळ्याला जाऊन यायची. २००८ ला काका गेले आणि गाडी गेली गुऱ्हाळाच्या शेडमध्ये, चिपाडाच्या शेजारी. चार वर्षं कुणी हात लावला नाही. २०१२ ला मी ताडपत्री काढली तर डॅशबोर्डच्या मागं उंदरांचा संसार, वायरिंग कुरतडलेलं, एक लाइट वर आणि एक खाली, म्हणजे बेडकानं डोळा मारल्यासारखं.

खरा रोग मात्र खाली होता. तिकडं थंडीत बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते मीठ गाडीच्या पोटात जाऊन बसतं. दाराखालचा पत्रा आणि मागच्या चाकावरची कमान बोटानं दाबली की बिस्किटासारखी तुटायची. आमचे पत्र्याचे मिस्त्री खाली झोपून आले आणि म्हणाले, "ह्याला लांबी (पुटी) भरून चालणार नाही, कापायलाच लागणार." कापलं. एक एमएमचा पत्रा वाकवून, ठोकून, मूळ आकार कागदावर छापून घेऊन जोडला, नुसत्या दाराखालच्या कामाला सात महिने गेले कारण मिस्त्री लग्नसराईत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आधी करायचे, आणि बरोबरच आहे, माझी गाडी थांबली तर कुणाची सुगी बुडत नाही.

इंजिन मात्र, साहेब, काय सांगायचं! दोन हजार सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, थ्रीएस-जीई. हेड यामाहाच्या लोकांबरोबर बनवलेलं. दीडशेच्या आसपास घोडे (हॉर्सपॉवर), १९८८ साली! त्या वर्षी आपल्याकडं मारुती ८०० ला सदतीस-अडतीस घोडे होते आणि तरी नंबर लावायला लागायचा. ह्याच सेलिकाची चारही चाकं ओढणारी थोरली बहीण जीटी-फोर, तिच्यावर स्पेनच्या कार्लोस साइंझनं १९९० ला वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप मारली. माझी साधी पुढच्या चाकांची, पण रक्त तेच. हेड वाकलं होतं, उद्यमनगरात फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं. लाइट वर उचलायच्या मोटरीतला बुश झिजला होता, नवा कुठं मिळणार, एका लेथवाल्या काकांनी जुना बुश बोटांत फिरवून बघितला आणि चहा यायच्या आत पितळेचा करून दिला. पैसे विचारले तर म्हणाले, लाइट वर आलेले दाखवून जा. टायमिंग बेल्ट, ऑइल सील, डिस्ट्रिब्युटरची कॅप असलं बाहेरनं मागवलं, काही पुण्याच्या नाना पेठेत हुडकलं, काही कुर्ल्याच्या भंगारात. २०१७ ला गाडी रस्त्यावर आली. मधल्या वर्षांत आरसी मेलेलीच होती, तो दंड भरला, इन्स्पेक्शन केलं, पाच वर्षांचं नूतनीकरण घेतलं. तक्रार नाही, चूक माझी होती.

आता मुद्द्यावर येतो.

एप्रिल २०२२ पासून तुमच्या खात्यानं जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाची फी वाढवली. साध्या कारला ६०० चे ५,००० झाले, आणि इम्पोर्टेडला ४०,०००. मी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भरले, मुलीची ॲडमिशन पण त्याच महिन्यात होती, घरात तीन दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. मग ऑगस्ट २०२५ ला नवा नियम, वीस वर्षांवरच्या गाड्यांना डबल. साध्या कारला १०,०००, इम्पोर्टेडला ८०,०००. पर्यावरण कर वेगळा.

माझी गाडी वर्षाला हजार-बाराशे किलोमीटर चालते. पाच वर्षांत सहा हजार धरा. ऐंशी हजाराला सहा हजारानं भागा, किलोमीटरला तेरा रुपये झाले, नुसते आरसीचे. पेट्रोल मला दहा-साडेदहा रुपयाला पडतं. म्हणजे गाडी चालवण्यापेक्षा ती माझ्या नावावर ठेवणं महाग.

आणि खरी गंमत पुढं आहे. २०२१ च्या जुलैमध्ये तुम्हीच व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, चांगले नियम आहेत, मनापासून सांगतो. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की गाडी व्हिंटेज, 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, २० हजारात दहा वर्षांची नोंदणी, रोजच्या वापराला बंदी, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मला हे सगळं आत्ता मान्य आहे, आजच सही करतो. पण माझी गाडी पन्नाशीची होणार २०३८ ला. तोवर २०२७, २०३२, २०३७ असे तीनदा ऐंशी हजार, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. आणि २०३७ चे भरून वर्ष झालं की त्याच गाडीला वीस हजारात दहा वर्षं! पन्नास वर्षांची गाडी वारसा, एकोणपन्नास वर्षांची भंगार, असा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात?

एका कार्यालयात मी हे बोललो तर टेबलामागच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, स्क्रॅपला द्या, सर्टिफिकेट मिळेल, नवीन गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळेल. माणूस वाईट नव्हता, त्याच्या कॉम्प्युटरवर दोनच खाने होते. माझं म्हणणं एवढंच की तिसरा खाना पाहिजे.

इम्पोर्टेड म्हणजे श्रीमंत, हे पण जरा तपासून बघा. कोटीची गाडी आणणाऱ्याला ऐंशी हजार म्हणजे एका टायरचे पैसे. माझ्यासारखे कागलच्या एमआयडीसीत नोकरी करणारे, काकाची, आजोबाची गाडी जपणारे, त्यांना ते दोन महिन्यांचं घर चालवणं आहे. एकच फी दोघांना लावली की पहिला भरतो आणि दुसरा गाडी शेडमध्ये ढकलतो.

धुराचं म्हणाल तर मी गप्प बसणार नाही, ते बरोबरच आहे. जुन्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, बीएस-६ च्या, म्हणजे आजच्या धुराच्या नियमाच्या जवळपास पण ती जाणार नाही. पण ह्या वयाच्या पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, माझी ट्यूनिंग करून पाऊण-एक टक्क्यात येते. तुम्ही मर्यादा निम्मी करा, दर सहा महिन्याला तपासा, मी येतो. वय बघून दंड लावण्यापेक्षा नळकांड्यात पाइप घालून बघा, एवढंच.

दुसरं इथेनॉलचं. इथं माझी जरा अडचण आहे कारण घरचा ऊस आहे. बिल वेळेवर येतंय त्यात इथेनॉलचा वाटा आहे हे शिरोळ-कागलच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. म्हणजे एका हातानं उसाचं बिल घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं त्याच उसानं खाल्लेले पेट्रोलचे पाइप बदलायचे, असा माझा संसार चाललाय. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं २०३० चं टार्गेट तुम्ही २०२५ लाच गाठलं, कौतुक आहे. पण १९८८ चा रबर त्या पेट्रोलसाठी बनलेला नाही, तो फुगतो आणि मग चिरतो. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, रोज चालणाऱ्या गाडीला फरक पडत नाही पण महिनाभर उभ्या गाडीत पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि आतनं गंज. मी सगळे पाइप आणि इंजेक्टरच्या रिंगा बदलल्या, टाकी काढून साफ केली, आणि आता कापडावर दोन थेंब दिसले तरी बायको आधी मुलांना गाडीतनं उतरवते. विलायतेत २०२१ ला दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्केवालं सुपर पेट्रोल पंपावर ठेवलं. महाग असतं, असू दे. जिल्ह्यात एका पंपावर एक नोझल ठेवा, आम्ही महिन्याला एकदा रांग लावतो. पेट्रोल तुमच्या खात्यात येत नाही हे मला माहितेय, पण इथेनॉलवर तुमच्याएवढं कोण बोललंय, तुमचा शब्द त्या खात्यात पण चालेल.

आता मागणी. जगात जुन्या गाड्यांची जी मोठी संघटना आहे, फिवा, ती ३० वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक म्हणते. जर्मनीत ३० वर्षांनी तपासणी करून नंबरच्या शेवटी 'एच' मिळतो. आपण पण ३० पासून ५० पर्यंतचा एक गट करा. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरची मर्यादा घाला, पीयूसीच्या वेळी मीटरचा फोटो घ्या, मर्यादा मोडली तर गट काढून घ्या, कारण पळवाट काढणारे आपल्यातच निघणार, मी त्यांना ओळखतो. आणि फी व्हिंटेजवाल्यांएवढी ठेवा, फुकट नको.

अजून एक बारीक गोष्ट. व्हिंटेजच्या नियमात गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल, इंजिनमध्ये फेरफार नको असं आहे. मग माझा दाराखालचा पत्रा? तो कोल्हापूरचा आहे, जपानचा नाही. आकार तोच, जाडी तीच, फक्त ठोकणारे हात वेगळे. हा फेरफार की दुरुस्ती, हे नियमात एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर २०३८ ला मी फाइल घेऊन उभा आणि समोरचा अधिकारी टॉर्च घेऊन खाली.

दसऱ्याला आमच्याकडं छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी येते तेव्हा गर्दी बघायला या एकदा. पोरं आपट्याची पानं विसरून गाडीचे फोटो काढतात. ती गाडी पण कधीतरी पस्तीस-चाळीस वर्षांची होती, तेव्हा तिला कुणी स्क्रॅपचं सर्टिफिकेट दाखवलं नाही म्हणून आज ती दसरा चौकात आहे.

माझी आरसी ऑगस्ट २०२७ ला संपते. त्याच्या आत काही करता आलं तर बघा.

आपला,
एक सेलिकावाला, कोल्हापूर

ता. क. – डावा लाइट थंडीत अजून अर्धा सेकंद उशिरा वर येतो. लेथवाल्या काकांना सांगितलंय, ते म्हणतात बुश बरोबर आहे, मोटर म्हातारी झालीय.