आई-बाबा, केशरला घरी आणू का?

कोल्हापूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, दिवाळीत तुम्ही म्हणालात की वाघ्या गेल्यापासून अंगण ओकंबोकं वाटतंय, एखादं चांगलं पिल्लू बघून ठेव. आई लगेच म्हणाली, नको गं बाई, आता कुणाचा लळा नको. तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच विषय आहे. फोनवर तो धड बोलून होत नाही, म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी मिळून वाचा.

मला असं वाटतं की तुम्ही पिल्लू घेऊ नये. केशरला घ्यावं.

केशर कॉकर स्पॅनियल जातीची मादी आहे, सोनेरी रंगाची. दातांवरून डॉक्टरांनी वय सात वर्षांच्या आसपास धरलंय. शहराबाहेर एका शेडमध्ये पिल्लं काढून विकण्याचा धंदा चालायचा. तो गुंडाळताना मालकाने उरलेली कुत्री कुणाच्या तरी गळ्यात घालायचं ठरवलं आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या आमच्या गटाला फोन आला. त्यातली तीन स्पॅनियल: केशर, तिच्याहून थोडी लहान एक काळी, आणि एक काळा-पांढरा तरुण नर. नराला लगेच घर मिळालं. या दोघींना कुणी विचारत नाही. विचारतात ते पहिला प्रश्न करतात, "पिल्लं देईल ना?"

म्हणूनच घर शोधायच्या आधी आम्ही दोघींची नसबंदी करून घेतली. केशरच्या ऑपरेशनात गर्भाशयात पू निघाला. नसबंदी न झालेल्या, वय वाढलेल्या माद्यांना हा त्रास बऱ्याचदा होतो, आणि वेळेत कळला नाही तर जीव जातो. खरं तर कुत्री पैदा करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे २०१७चे नियम आहेत. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिची पिल्लं काढायची नाहीत, वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाहीत, आठ वर्षांनंतर नाहीच, आणि धंद्याची नोंदणी राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे हवी. केशरची किती वेतं झाली याचा कागद कुठेच नाही. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं तर १९६०च्या कायद्यानेच गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड आहे १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांचा धाक कुणाला वाटणार? मला याचा फार राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

आता तिच्या स्वभावाचं सांगते. ही मुळात इंग्लंडातली शिकारीची जात. झुडपात घुसून पक्षी उठवायचा, पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणायचा, हे तिचं काम. शिकारीच्या जनावरांचं आपल्या कोल्हापूरला नवल नाही, संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळायचे. पण चित्त्याला माणूस नसला तरी चालत असेल, स्पॅनियलला चालत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की ती स्वयंपाकघरात, परसात गेलात की परसात. इथे राजारामपुरीत, रुईकर कॉलनीत लोक हौसेने स्पॅनियल आणतात, लांब कान आणि मोठे डोळे बघून. घरात दोघं नोकरीला, मुलं शाळेला, आणि कुत्रं दिवसभर बंद फ्लॅटमध्ये. मग ते भुंकतं, सोफा कुरतडतं, शेजारी तक्रार करतात, आणि शेवटी आमच्याकडे फोन येतो. तुमच्या घरी कुणी ना कुणी सतत असतं. गारगोटीच्या त्या घरात तिला जे मिळेल ते इथल्या मोठ्या बंगल्यातही मिळणार नाही.

केशर आली तेव्हा तिला जिना चढता येत नव्हता. पिंजऱ्याच्या जाळीवर उभं राहून पायांची बोटं फाकलेली, गुळगुळीत फरशीवर पाऊल टाकायला घाबरायची. आता चालते, पळते सुद्धा. शेपूट लहानपणीच कापलेलं आहे. ओळखीचं माणूस दिसलं की ते बोटभर खोड हलवता हलवता तिचं सगळं कंबरडं हलतं. आई, तुला ती पायात येईल. तुझ्या गुडघ्यांमुळे मला त्याची काळजी वाटते, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आणि कान. या जातीत सगळ्यात जास्त बघावं लागतं ते कानाचं. पाळी जड आणि लोंबती, आतून केस, त्यामुळे आत हवा खेळत नाही. ओल राहिली की बुरशी धरते. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, जून ते सप्टेंबर भिंतींनाच पोपडे येतात. केशर आली तेव्हा तिच्या कानाला आंबूस वास मारत होता आणि आतला मळ गडद तपकिरी, चिकट. आता बरंच आटोक्यात आहे, पण आठवड्यातून एकदा साफ करावंच लागेल. औषधाचे थेंब सोडायचे, कानाच्या मुळाशी बाहेरून हलक्या हाताने चोळायचं, आतून पचपच आवाज येतो. मग तिला मान झटकू द्यायची आणि जेवढं दिसतं तेवढंच कापसाने पुसायचं. काडी किंवा बड आत घालायचा नाही, मळ आणखी आत जातो. आंघोळीनंतर आणि पावसात भिजून आल्यावर कान आधी कोरडे करायचे. जेवताना कान ताटलीत पडतात, म्हणून तिला उंच आणि अरुंद तोंडाच्या भांड्यात वाढायचं, म्हणजे कान बाहेर राहतात. आमच्याकडे एका मैत्रिणीने जुन्या मोज्याचा तळ कापून त्याची टोपी केलीय. जेवणापुरती ती डोक्यात घातली की केशर निमूट जेवते.

डोळ्यांचंही थोडं आहे. या जातीत मोतीबिंदू आणि पडद्याचे आजार आनुवंशिक असतात. केशरच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय, उजवा चांगला आहे. संध्याकाळी अंधारात ती जरा दबकते. घरातल्या खुर्च्या, बाज वारंवार हलवल्या नाहीत तर तिला वाट पाठ होते. केस रोज विंचरायचे, विशेषतः कानामागे आणि पुढच्या पायांच्या काखेत, नाहीतर गुठळ्या होतात आणि कातडी ओढली जाते. दर महिन्या-दीड महिन्याने मी येऊन केस कापून देईन, ते मी शिकलेय. शेजारच्या गोठ्यामुळे गोचिडांवर मात्र लक्ष हवं. गोचीड तापाने कुत्री जातात. त्यावरचं औषध मी देऊन ठेवीन. रेबीजची आणि बाकीच्या लशी झाल्यात, पुस्तिका सोबत देईन. तिथल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ती दाखवा.

बाबा, रविवारच्या रश्श्याचं तुम्हालाच सांगते. तांबडा असो वा पांढरा, तिला थेंबभरही नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, आणि शिजलेलं हाड चिरफाळून घशात, आतड्यात रुतू शकतं. वाघ्याला पचलं म्हणून हिला पचेल असं नाही. मटण शिजवताना तिच्या वाटणीचे दोन बिनहाडाचे तुकडे आधी नुसत्या पाण्यात उकडून बाजूला काढा. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही नाही. चहाबरोबर बिस्किटाची सवय लावू नका. स्पॅनियल खाण्याला हावरी असते आणि पटकन सुटते, मग सांधे बिघडतात. ती समोर बसून असं बघेल की द्यावंसं वाटेल. देऊ नका.

पिल्लू का नको, हे स्पष्टच लिहिते. स्पॅनियल बारा-चौदा वर्षं जगतं. बाबा, तुम्ही एकाहत्तरचे आहात. पिल्लाला रात्री उठून बाहेर न्यावं लागतं, ते चपला, वायरी चावतं, दोरी ओढून माणसाला पाडतं. केशरचं ते वय उलटलंय. सकाळ-संध्याकाळ तुमच्या वेगाने देवळापर्यंत जाऊन यायचं एवढं तिला पुरतं. आई, तू लळ्याचं म्हणालीस ते मला कळतं. ही पाच-सात वर्षांची सोबत आहे आणि शेवटी पुन्हा तेच दुःख आहे. मी ते नाही म्हणणार नाही. पण शेडमध्ये तिच्या वाट्याला जे आलं, त्यानंतरची ही वर्षं तिला माणसांच्या घरात मिळावीत असं मला मनापासून वाटतं, आणि ती तुमच्या घरात मिळाली तर मला रात्री शांत झोप लागेल.

कधी तुमच्याने झालं नाही, कुणी आजारी पडलं, तर तिला मी घेईन. कुत्रं दत्तक घेतानाच्या फॉर्मवर तशी अटच असते, दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायचं नाही, आमच्याकडेच परत आणायचं. आमच्या गटातले दोघं तुमचं घर बघायलाही येतील. माझे आई-बाबा म्हणून सूट नाही. फाटकाची खालची फट तेवढी बुजवून घ्या, ती त्यातून सहज निघेल. औषधपाण्याचा खर्च माझा, त्यावर वाद नको.

येत्या रविवारी मैत्रिणीच्या गाडीतून तिला घेऊन येते, फक्त भेटायला. संध्याकाळी परत नेईन. त्यानंतर तुम्ही दोघांनी ठरवा. आई, केवळ बाबांची इच्छा म्हणून हो म्हणू नकोस, शेवटी काम तुझ्याच अंगावर पडतं हे मला माहीत आहे. बाबांनी कान आणि विंचरणं आपल्याकडे घेतलं तरच होकार दे. आणि नाही म्हणालात तर मी मुळीच नाराज होणार नाही, घाईघाईत दिलेल्या होकारापेक्षा ते बरं.

काळीसाठीही घर बघतेय. बाबा, तुमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळात दिवसभर घरी असणारं, प्राण्यांची आवड असलेलं कुणी असेल तर विचारून ठेवा. मात्र आधी कानांचं आणि विंचरण्याचं सांगा, फोटो मागाहून दाखवा.

तुमची,
माधवी