बंदुकीचा विमा नेमका कोणासाठी?

मा. संपादक,

अमेरिकेत बंदूक बाळगणाऱ्यांवर लायबिलिटी इन्शुरन्स (म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) सक्तीचा करायचं जे चाललंय ना, ते मला अजिबात पटलेलं नाही. मी इथे बरीच वर्षं राहतोय, बंदूक आहे, तिजोरीत कुलूपबंद असते, गोळ्या वेगळ्या. इथल्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराने 2022 मध्ये असा नियम केला, देशातलं पहिलंच शहर, 1 जानेवारी 2023 पासून लागू. पण तो विमा अपघाती गोळीबारापुरताच, आणि मुद्दाम केलेल्या कृत्याचे पैसे विमा कंपनी देत नाही हे तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यातच लिहिलंय, मग ज्या हाणामाऱ्या आणि लुटालूट थांबवायला हे सगळं म्हणतात त्यात याचा उपयोग काय? चोरीची बंदूक घेऊन फिरणारा काय आधी एजंटला फोन करणार आहे?

लोक म्हणतात गाडीला विमा लागतोच की. अहो पण गाडी चालवणं हा घटनेतला हक्क नाहीये, बंदूक बाळगणं आहे. न्यू जर्सी राज्याने तर बंदूक सोबत घेऊन फिरणाऱ्यांना 3 लाख डॉलरचा विमा सांगितला, तो भाग 2023 मध्ये फेडरल कोर्टाने अडवला, बरंच झालं.

माझं सोडा, माझ्या घराच्या पॉलिसीत अपघात तसाही कव्हर होतो, मी फक्त विम्याचा एक फॉर्म भरून बंदुकीजवळ ठेवायचा. रात्रपाळी करून भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी बाई, जिच्याकडे पॉलिसीच नाही, तिला मात्र हा नवा हप्ता.

– एक वाचक, कॅलिफोर्निया