शनिवारच्या पाहुण्यांबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी आमच्या कंपनीतले सहा जण इंदूरला मुक्कामी येताहेत. दोन वैमानिक, चार केबिन क्रू. त्यांच्यापैकी कुणीच शहर पाहिलेलं नाही आणि बाबांनी "आम्ही फिरवू" असं सांगूनही टाकलंय. मला फार बरं वाटलं, कारण राजवाडा आणि सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार तुमच्याइतका जीव लावून दाखवणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. पण सुट्टीवर आलेला पाहुणा वेगळा आणि लेओव्हरला, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या मुक्कामाला, आलेला वेगळा. हे फोनवर नीट सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

लेओव्हरचा हिशेब शेवटाकडून मांडायचा असतो. रविवारी अकराचं उड्डाण, म्हणजे दहाला विमानतळावर रिपोर्टिंग. हॉटेल विजयनगरला आणि विमानतळ गावाच्या पश्चिमेला, पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे त्यांची गाडी नऊला निघेल. आवरणं-खाणं धरून साडेसातला उठायचं. आठ तास झोप हवी तर साडेअकराला डोळा लागायला हवा, म्हणजे साडेदहाला सगळे आपापल्या खोलीत. शनिवारच्या गर्दीत सराफ्याहून विजयनगरला पाऊण तास सहज जातो. तेव्हा पावणेदहाला सराफा सोडायचा. बाबा, ही वेळ पक्की धरा. "आता आलोच आहोत तर" हे वाक्य त्या रात्री नको.

दुसरं टोक दुपारचं. विमान दीडला उतरेल आणि हॉटेलवर पोचेपर्यंत पावणेतीन होतील. ही मंडळी पहाटे तीनला उठलेली असणार. तीन ते साडेचार ती झोपतील. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. एक तर वीस मिनिटांची डुलकी घ्यावी, नाही तर पूर्ण दीड तास झोपावं. मधेच उठवलं तर डोकं जड होतं आणि संध्याकाळभर उतरत नाही. म्हणून या वेळात "पोचलात का, चहा घेतलात का" असा एकही फोन नको. पाचला लॉबीत भेटा.

आई, तुला त्यांना घरी जेवायला बोलवायचंय हे मला ठाऊक आहे. पण विजयनगरहून राजेंद्रनगर आणि तिथून परत सराफा, यात सव्वा तास नुसता रस्त्यात जाईल. त्यापेक्षा थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि डब्यात तिळाच्या वड्या घेऊन ये. संक्रांत आहेच. कोरडा पदार्थ टिकतो, शिवाय उरलेल्या वड्या त्यांना बरोबर नेता येतील.

फिरण्यासाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारकं), राजवाडा आणि सराफा एवढं पुरे. गाडी कृष्णपुऱ्याच्या अलीकडेच सोडा. राजवाड्यापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात, गाडीने कितीही लागू शकतात. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. साडेपाचला छत्र्यांपाशी पोचलात तर तिरपं ऊन कोरीव कामावर पडलेलं असेल, घोडेस्वार आणि वादक त्या उजेडात उठून दिसतात. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या या छत्र्या आहेत, एवढं सांगितलंत तरी पुष्कळ झालं.

राजवाडा आतून पाहण्याची वेळ तोवर उलटून गेलेली असेल, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. समोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ सगळ्यांना उभं करा आणि सातही मजले खालून वर मोजायला लावा. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. कुठल्या मजल्यावर दगड संपून लाकूड सुरू होतं ते दिसलं की इमारत कळते, आणि ती आगीत पुन्हापुन्हा का सापडली तेही कळतं. 1747 मध्ये मल्हारराव होळकरांनी काम सुरू केलं ते, 1984 ची आग आणि मागच्या भागाची नव्याने झालेली बांधणी, हे बाबा माझ्याहून चांगलं सांगतील. लोखंडी खिळ्यांचा तो मोठा दरवाजा मात्र जवळ नेऊन दाखवा. लालबाग महालाचा मोह टाळा बाबा. बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवरचं ते फाटक बाहेरून पाहून परतण्यात अर्थ नाही, त्याला दिवसाचे दोन तास हवेत. काच मंदिर आणि खजराण्याचा गणपतीही पुढच्या वेळी.

आता सराफा. तो खरा रंगतो दहानंतर, हे कबूल. पण या सहा जणांसाठी साडेआठच बरे. दागिन्यांची दुकानं मिटून ठेले नुकतेच लागलेले असतात, कढईतलं तेल ताजं असतं, आणि पुढ्यात तळलेलंच हातात पडतं.

आमच्याकडे एक जुना शिरस्ता आहे: उड्डाणात दोन्ही वैमानिक एकच जेवण जेवत नाहीत. अन्न बाधलंच तर दोघं एकदम आडवे होऊ नयेत म्हणून. आदल्या रात्रीही तेच पाळलेलं बरं. कॅप्टनने भुट्ट्याचा कीस घेतला तर फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे दुसऱ्या वैमानिकाला, दुसऱ्या ठेल्यावरचा गराडू (तळलेला कंद) द्या. कीस दुधात शिजवलेला असतो, त्यामुळे तव्यावर सतत हलवला जात असेल तिथलाच घ्या, कडेला गार पडलेला नको. गराडू दाताखाली कुरकुरीत लागला पाहिजे. आत कच्चट राहिला तर घसा खाजतो. खोपरा पॅटीसमध्ये ओलं खोबरं असतं आणि ते लवकर आंबतं, तेव्हा समोर कढईतून निघालेलंच. दहीवडा हवेत उडवतात तो खेळ जरूर दाखवा, पण खायला एक प्लेट सहा जणांत. जलेबा, म्हणजे ती भली मोठी जिलबी, हाही एकच, तो पाव किलोच्या घरातला असतो. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबू-पाणी नव्हे, दाट दूध आणि सुका मेवा, हे त्यांना आधी सांगा, नाही तर तहान भागवायला म्हणून पूर्ण ग्लास मागवतील. बर्फ कशातही नको. पाणी सीलबंद बाटलीचंच.

आई, आग्रह करू नकोस. कुणी "बस" म्हटलं की ते खरंच बस असतं. कारण असं: विमान वर गेलं की केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तितकी विरळ होते, आणि पोटातला वायू साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. जमिनीवर जे नुसतं जड वाटतं ते वर कळा आणतं. म्हणून रविवारी सकाळी उसळ-पोहे नकोत, साधे वाफेवरचे पोहे, वर थोडा जीरावन मसाला आणि सेव. ते हॉटेलजवळच मिळतील, तुम्ही सकाळी यायचं कारण नाही.

औषधांबद्दल हे नीट वाच. कुणी शिंकलं-खोकलं तरी घरातलं काही देऊ नकोस. उड्डाणाआधी बारा तास मद्य चालत नाही आणि निघण्यापूर्वी श्वासाची चाचणी होते. कफ सिरपमध्ये अल्कोहोल असू शकतं आणि तुझ्या द्राक्षासवात तर ते असतंच, आसव-अरिष्टांत ते मुरताना आपोआप तयार होतं. सर्दी ज्याला झालीय त्याने ती मोकळेपणाने सांगावी. चोंदलेल्या कानांनी विमान खाली उतरताना पडद्यावर जबर ताण येतो, अशा वेळी न उडणं हाच उपाय.

विमानतळाचा प्रवेश पास सराफ्याच्या गर्दीत कुणी गळ्यात किंवा खिशात आणू नये. तो हरवला तर सकाळी आत जाणंच अडेल. पाचला लॉबीत बाबांनी एकदा विचारावं. त्यांचे फोटो, हॉटेलचं नाव, कोणत्या विमानाने आले-गेले, यातलं काही सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

धुक्याचे दिवस आहेत. दिल्लीहून निघायलाच उशीर झाला तर सगळं पुढे सरकतं. वैमानिकांना दोन ड्युट्यांच्या मधे निदान बारा तास, किंवा आधीची ड्युटी त्याहून लांब असेल तर तितके तास विश्रांती द्यावीच लागते. त्यामुळे कात्री लागते ती फिरण्याला, झोपेला नाही. चारपर्यंत उतरले तर छत्र्या वगळा. सहानंतर उतरले तर सगळंच रद्द धरा, आणि कुणी लॉबीत आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

बाबा, गुडघ्याचा पट्टा बांधूनच निघा. राजवाड्यासमोर बागेत बसून घ्या आणि सराफ्यात आईला पुढे जाऊ द्या, तिथे उभं राहून खाण्यात तासभर जातो. सव्वानऊला आईला फोन करून वेळेची आठवण करायचं काम तुमचं. सगळे हॉटेलवर सुखरूप पोचले की मला मेसेज टाका, मी त्या रात्री कोलकात्याला आहे, अकरापर्यंत जागी असेन.

तुमची,
मनू