सरासरी काढली तरी ताळा हवाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापुरात गेली 22 वर्षे माझे बॅटरी दुरुस्तीचे दुकान आहे. हल्ली शाळेतली मुले विज्ञान प्रदर्शनासाठी आर्डुइनोवर (प्रोग्राम घालता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर) बॅटरीचा व्होल्टमीटर करतात आणि तपासायला माझ्याकडे आणतात. मुलांची ही धडपड पाहून फार समाधान वाटते. पण बहुतेक मीटरमध्ये एकच उणीव राहते, ती शिक्षकांच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र.

एका रीडिंगवर भरवसा नको, 50 घेऊन सरासरी काढा, हे मुलांना ठाऊक असते. ते बरोबरच आहे, त्याने आकड्याची थरथर जाते. मात्र सगळीच रीडिंग एका बाजूला चुकत असतील तर सरासरीही तितकीच चुकते. आर्डुइनो उनो आलेले व्होल्टेज स्वतःला मिळणाऱ्या 5 व्होल्टशी ताडून 0 ते 1023 मधला आकडा देतो. ते 5 चे 4.75 झाले की मीटर जास्त दाखवू लागतो.

जांबोटीकडच्या एका शेतकऱ्याच्या झटका मशीनला मी स्वतः असा मीटर बसवून दिला होता. भातात गवे शिरू नयेत म्हणून ते मशीन रात्रभर चालते. पहाटे स्क्रीनवर 12.4 दिसायचे, दशांशही हलत नसे, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला आणि मीही ठेवला. मल्टिमीटर लावला तेव्हा बॅटरी 11.8 वर होती. रोज इतकी उतरून ती कायमची गेली, तीही भात पोटरीत असताना. मला ते अजून सलते.

5 व्होल्टऐवजी आर्डुइनोच्या चिपच्या आतला 1.1 व्होल्टचा संदर्भ ताडण्यासाठी वापरला तर बाहेरचा पुरवठा हलला तरी फरक पडत नाही. त्यासाठी बॅटरीचे व्होल्टेज चिपला मोजता येईल इतके खाली आणणारे दोन रेझिस्टर बदलावे लागतात. मी 150 किलोओहम आणि 10 किलोओहमची जोडी लावतो. हा 1.1 प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा निघतो, म्हणून एकदा मल्टिमीटरशी ताळा करून दुरुस्तीचा गुणक प्रोग्राममध्ये घालावा.

आणखी एक. प्रोग्राममध्ये रीडिंगची बेरीज साध्या ‘इंट’मध्ये (पूर्णांक ठेवण्याच्या छोट्या कप्प्यात) ठेवली तर 32767 च्या पुढे ती उणे होते. एका मुलीचा मीटर सकाळी नीट चालायचा. सोलरवर बॅटरी 13 व्होल्टला पोचली की 665 ची 50 रीडिंग 33250 होत आणि स्क्रीनवर उणे आकडा येई. बिचारी आठवडाभर वायरी तपासत होती. बेरजेला ‘लाँग’ हा मोठा कप्पा वापरताच प्रश्न मिटला.

ज्या शाळेत मल्टिमीटर नसेल त्यांनी मीटर घेऊन दुकानात यावे. ताळा करून देईन, पैसे घेणार नाही.

– एक बॅटरी दुरुस्ती व्यावसायिक, खानापूर, जि. बेळगाव