आईच्या खांद्याविषयी

पणजी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

चतुर्थीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना सुपारीचा घोस वर देण्यासाठी आईने उजवा हात उचलला आणि खांद्याच्या उंचीवर येताच तो अडला, हे मी पाहिले. नंतर अबोलीची फाती माळायलाही तिने वहिनीला हाक मारली. फोनवर विचारले की ती "बरे आहे" एवढेच म्हणते, म्हणून हे पत्र. बाबा, रोज रात्री तिचा खांदा तुम्हीच चोळता, तेव्हा हे तुम्ही विशेष लक्ष देऊन वाचावे.

तीन वर्षांपूर्वी माझा डावा खांदा असाच धरला होता, म्हणजे 'फ्रोझन शोल्डर' झाला होता. तेव्हा मी ज्यांच्याकडे मालीश करून घेत असे, ते दुखल्याशिवाय हात मोकळा होणार नाही असे सांगून तो जोराने मागे ओढत. मी पंधरा दिवस सोसले आणि शेवटी रात्रीची झोप गेली व हात अधिकच आखडला. पुढे फिजिओथेरपिस्टने कारण उलगडून सांगितले. खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखे आवरण असते. या दुखण्यात ते सुजते, जाड होते आणि आकसते. वरून कितीही चोळले तरी ते आवरण सैल होत नाही. मात्र दुखऱ्या सांध्याला जपता जपता मानेचे, पाठीचे आणि दंडाचे स्नायू ताठरून जातात, आणि मालीशचा खरा उपयोग तिथे होतो. स्नायू सैल पडले आणि ठणका थोडा उतरला की काही वेळ हात हलवणे सोपे जाते. त्याच वेळात व्यायाम केला नाही, तर दुसऱ्या दिवशी खांदा पुन्हा पूर्वीसारखाच झालेला मी अनुभवला आहे.

म्हणून बाबा, हात ओढणे किंवा पिळणे कृपा करून पूर्ण थांबवा. आईच्या वयात हाडे ठिसूळ झालेली असू शकतात. तिला खुर्चीत बसवून हात मांडीवरच्या उशीवर टेकवा, दहा-पंधरा मिनिटे कोमट शेक द्या, आणि मग खोबरेल तेल लावून मानेच्या मुळापासून खांद्यापर्यंत, खांद्यामागच्या चपट्या हाडावर, छातीच्या वरच्या भागावर आणि दंडावर तळहाताने सावकाश चोळा. खांद्याच्या टोकाच्या हाडावर दाब नको. दहा मिनिटे पुरेत. आईने "पुरे" म्हटले की थांबायचे. तिने दात ओठ खाऊन सहन करू नये.

लगेच तिने डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाकावे, उजवा हात सैल लोंबकळत सोडावा आणि शरीराच्या हलक्या झोक्याने त्याची लहान लहान वर्तुळे होऊ द्यावीत. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन, ज्यांनी १९३४ साली या दुखण्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव दिले, त्यांच्याच नावाने हा व्यायाम ओळखला जातो. त्यानंतर भिंतीवर बोटांनी वर वर चढावे, दुखेल तिथे थांबावे.

आईच्या मधुमेहाचा याच्याशी जवळचा संबंध आहे, हे मला तळमळीने सांगायचे आहे. मधुमेह असलेल्यांना हे दुखणे अधिक वेळा होते आणि हटायलाही अनेकदा जास्त वेळ घेते. साधारणपणे एक ते तीन वर्षांत खांदा बराचसा मोकळा होतो, त्यामुळे महिन्याभरात फरक दिसला नाही म्हणून धीर सोडू नका. पण आधी तपासणी हवी. हे दुखणे खरोखर तेच आहे की सांध्याची झीज किंवा स्नायूबंधाची इजा, हे घरबसल्या कळत नाही. डॉक्टरांनी स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले, तर मधुमेहाची गोष्ट आवर्जून सांगा, कारण त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते. आणि खांदा दुखत असतानाच छातीत दडपण, घाम किंवा धाप जाणवली, तर तेल शोधत न बसता सरळ इस्पितळ गाठा.

येत्या सोमवारी मी रजा घेतली आहे. सकाळीच डिचोलीला येते आणि आईला बांबोळीच्या इस्पितळात घेऊन जाते; तिचे साखरेचे जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्या एका पिशवीत काढून ठेवा. तोपर्यंत विहिरीवरचे पाणी आणि वरच्या फळीवरच्या भरण्या आईने काढू नयेत.

तुमची लेक