सुयांची किमया आणि आमच्या घरची पाठ

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ॲक्युपंक्चरवर, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचारावर, पानभर लेख आला आहे. वाचल्या वाचल्या लिहायला बसलो होतो, पण घरच्यांनी पेन काढून घेतले. आज सोमवार. राग थोडा निवळला आहे, तेव्हा छापता येईल अशा भाषेत लिहितो.

लेखातल्या क्लिनिकचे नाव मी घेत नाही. आपण ते चार वेळा घेतले आहे, तेवढे पुरे.

लेखिका तिथे एकदा जाऊन आल्या आणि 'शरीरात अडकलेली ऊर्जा मोकळी झाली' असे लिहितात. झाली असेल. मी तीनदा गेलो, पत्नी एकदाच. त्या एका खेपेपायी हे पत्र लिहावे लागत आहे.

आधी माझे सांगतो, म्हणजे मी सुयांचा वैरी आहे असे कुणाला वाटायला नको. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा धरला होता. शर्ट अंगात घालायचा तर आधी उजवी बाही, मग देवाचे नाव, मग डावी. तिथे त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात एक, गुडघ्याखाली एक आणि खांद्याभोवती सहा-सात सुया लावल्या. केसाएवढ्या बारीक, दुखत नाहीत. बेचक्यातली मात्र आत गेली की हात जड होतो आणि झिणझिण्या मनगटापर्यंत येतात. पहिल्या दिवशी सुया लावून तिथली मुलगी बाहेर गेली आणि लाईट गेली. ऑगस्टचा पाऊस, पंखा बंद, इन्व्हर्टर सुरू करायला ती कुठे गेली देव जाणे. वीस मिनिटे मी साळिंदरासारखा पडून, नाकावर डास बसलेला, आणि हात हलवायचा नाही अशी सक्त ताकीद! तरीही खोटे कशाला बोलू? तिसऱ्या खेपेनंतर स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा माझा मला काढता आला. सुयांमुळे की खांदा आपोआप सुटायला आला होता म्हणून, ते मला सांगता येणार नाही. लेखिकेलाही येणार नाही, पण त्यांनी सांगितले आहे.

डबा काढला ही माझी चूक. तो बघून पत्नी म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना पण बघूया."

तिला दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. क्लिनिकमध्ये फॉर्म दिला. त्यात चार प्रश्न: नाव, वय, मोबाईल नंबर आणि 'आमच्याबद्दल कुठून कळले?'. कोणता आजार, कोणती गोळी, कसले ऑपरेशन, याला रकानाच नाही. जाहिरात कुठली लागू पडली याची चौकशी होते, माणसाच्या रक्ताची होत नाही. मी बाहेर बाकावर बसून आपलाच अंक वाचत होतो. तेहतीस वर्षे फार्मसीच्या काउंटरवर काढलेल्या माणसाने उठून सांगायला हवे होते, हे मला तेव्हाही कळायला हवे होते. ते पाप माझे, मी नाकारत नाही.

गुडघ्यांना सुया लावून झाल्यावर पहिल्या भेटीची 'ऑफर' म्हणून पाठीवर कपिंग फुकट. कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: काचेचा पेला घेतात, आत पेटता बोळा फिरवून काढतात आणि पेला पाठीवर पालथा घालतात. आतली हवा थंड झाली की कातडी वर ओढली जाते, त्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. धडधाकट माणसाला डाग पडतात आणि आठ-दहा दिवसांत जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या पाठीवर असले काही करायचे नसते, निदान विचारल्याशिवाय तरी. पत्नीने विचारले होते म्हणे, "कांय जावचें ना मरे?" उत्तर मिळाले, "कांय जायना, काकी."

घरी येऊन साडी बदलताना तिने हाक मारली. पाठीवर सात वर्तुळे, भिजवलेल्या सोलांच्या रंगाची, आणि एकाची कड पसरत चाललेली. क्लिनिकला फोन केला तर पलीकडून आनंदाने सांगण्यात आले की टॉक्सिन, म्हणजे अंगातले विष, बाहेर पडताहेत, चांगले लक्षण आहे. टॉक्सिन नव्हे हो, कातडीखाली साकळलेले रक्त ते! तिच्या हार्टच्या डॉक्टरांनी बघितले आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर अजून विसरलो नाही.

डाग जायला तीन आठवडे लागले आणि त्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. मूळ घरी सगळे गोतावळ्यासह जमलेले, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला चाललेली, आणि ही भर उकाड्यात पदर पाठीवरून गच्च लपेटून कोपऱ्यात बसलेली. दरवर्षी फुगडीला पहिली उठणारी बाई. शेवटी धाकट्या जावेने पदर ओढलाच आणि "वैनी, पाठीक कितें जालें गो?" असा प्रश्न घुमट आरतीच्या आधी अख्ख्या घराने ऐकला. लोक माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या मनात काय आले असेल ते मी इथे लिहीत नाही.

आता लेखातल्या पुराव्यांबद्दल. डॉ. कोटणीसांचे नाव कशाला ओढले? सोलापूरचा तो तरुण सर्जन १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला; तिथे त्याने केली ती जखमी सैनिकांची ऑपरेशने. त्याच्या पुण्याईवर सुया विकू नका. भारतात ॲक्युपंक्चर आणले ते त्याच पथकातल्या डॉ. बासूंनी, बऱ्याच वर्षांनंतर. जर्मनीत सिद्ध झाले, हेही अर्धेच. मुलाने मला तो २००७ सालचा प्रयोग काढून दाखवला. कंबरदुखीचे ११६२ रुग्ण. ॲक्युपंक्चरने ठरवलेल्या खऱ्या बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना आराम, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. म्हणजे टोचण्याने फरक पडतो, कुठे टोचले याने फारसा नाही, असाही त्याचा अर्थ निघतो. मग ते ऊर्जेच्या वाहिन्यांचे रंगीत चित्र अर्धे पान का अडवून बसले आहे?

आणि २०१९ साली केंद्र सरकारने मान्यता दिली ती उपचारपद्धतीला, दारावरच्या प्रत्येक बोर्डाला नव्हे. शेजारी महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदा झाला, कौन्सिल झाले. आपल्या गोव्यात बोर्डावर 'डॉक्टर' लिहिणाऱ्याने शिक्षण कुठे आणि किती घेतले हे पेशंटने कुणाला विचारायचे, एवढे लेखात असते तर मी गुमान बसलो असतो. भिंतीवर फ्रेम केलेले जे सर्टिफिकेट मी बघितले ते तीन महिन्यांच्या कोर्सचे होते. वापरलेल्या सुया आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात जात होत्या. वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सुयांना पांढरा, भोक न पडणारा बंद डबा लागतो. लेखिकेला तिथला अगरबत्तीचा सुवास आठवतो, हा आइस्क्रीमचा डबा दिसला नाही.

लेखाच्या खालीच त्याच क्लिनिकची जाहिरात आहे: मधुमेह, अर्धांगवायू, लठ्ठपणा, 'मुळापासून'. हे तिन्ही आजार १९५४ च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या यादीत आहेत. आमच्या फार्मसीत ती यादी काउंटरमागे चिकटवलेली असायची. आपल्या जाहिरात विभागालाही एक प्रत पाठवू का?

जाता जाता, त्या एका लेखात 'ॲक्युपंक्चर' तीन प्रकारे छापले आहे आणि दोन ठिकाणी त्याचे 'ॲक्युप्रेशर' झाले आहे. एकात टोचतात, दुसऱ्यात दाबतात. पूर्वी आपल्याकडे मुद्रितशोधक असायचे. शब्दकोड्याचे उत्तर भलत्याच कोड्याचे छापले गेल्याबद्दल मी जूनमध्ये लिहिले होते, त्या पत्राचे काय झाले तेही कळले नाही. बाकी पुरवणी आमच्या वाड्यावर पावसात भिजूनच येते, पण या वेळी नेमकी कोरडी आली.

दहा सिटिंगचे ६००० रुपये आगाऊ घेतले, पावती नाही, एक हिरवे कार्ड दिले, नवरा-बायकोला मिळून चालणारे. पैसे परत मागितले तर 'पॉलिसी नाही' असे सांगितले. ते कार्ड या पत्रासोबत पाठवत आहे. चार भोके पडली आहेत, सहा शिल्लक आहेत. लेखिकेला द्यावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
डिचोली