विषय : ऑर्डर स्वीकारल्यावर केलेली दरवाढ आणि जुना, दमट माल

दिनांक : १४ जुलै २०२५
भोसरी एमआयडीसी, पुणे

प्रति,
विक्री व्यवस्थापक

महोदय,

शेतीपंपांच्या ऑटो स्टार्टरसाठी आम्ही कंट्रोलर बोर्ड बनवतो. त्यासाठी २००० मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या चिपची, ऑर्डर आम्ही १२ मे रोजी तुम्हाला दिली. कोटेशन २ मेचं, मुदत ३० दिवसांची, दर नगाला ९२ रुपये. तुम्ही ऑर्डर लेखी स्वीकारलीत आणि ३० टक्के ॲडव्हान्सही घेतलात.

२७ जूनला दोन ओळींची मेल आली : "बाजारात दर वाढले आहेत, सुधारित दर १२७ रुपये." म्हणजे नगामागे ३५ रुपये जास्त. एका बोर्डवर आमच्या हातात जेमतेम ६० रुपये उरतात आणि ग्राहकाशी आमचा दर वर्षभरासाठी बांधलेला आहे. त्याला आम्ही दोन ओळींची मेल पाठवू शकत नाही.

दर चढतात हे आम्हालाही कळतं. माल डॉलरमध्ये येतो, रुपया घसरला की फटका बसतोच. २०२१ मध्ये चिप मिळत नव्हत्या तेव्हा तुमच्याकडूनच चढ्या भावानं घेतल्या, कुरकुर केली नाही. पण तेव्हा दर आधी सांगितला होतात. या वेळी मे महिन्यातच बोलला असतात, तर त्याच पायांची, म्हणजे त्याच बोर्डवर बसणारी, दुसरी चिप शोधून फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) बदलायला आणि बोर्ड पुन्हा तपासायला आम्हाला सहा आठवडे मिळाले असते. ते तुमच्या भरवशावर गेले. ऐन हंगामात लाइन थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून "जुन्या दराचा हक्क राखून" असं लेखी कळवून वाढीव दरानं माल उचलला.

आणि तोही धड नाही. २५० नगांचे आठ ट्रे यायचे होते, आले पाच. त्यातल्या दोन ट्रेंच्या व्हॅक्यूम पिशव्या कुणीतरी आधीच फोडून वर साधी चिकटपट्टी लावली होती. आतल्या ओल दाखवणाऱ्या कार्डावरचे निळे ठिपके गुलाबी झालेले, म्हणजे आत ओल शिरलेली. चिपवर कोड २१३८, म्हणजे २०२१च्या ३८व्या आठवड्यातला माल. टंचाईत कुणीतरी साठवलेला आता आमच्या गळ्यात मारलात, असंच मला वाटतं. पुण्याच्या जुलैतल्या हवेत असा माल आधी भाजून, म्हणजे मंद उष्णतेवर सुकवून, न घेता सोल्डरिंगच्या ओव्हनमधून काढला, तर आतली वाफ चिप तडकवते. आणि भाजल्यानं ओल जाते, वय जात नाही.

तेव्हा उरलेले ७५० नग ९२ रुपयांनीच द्या, आलेल्या मालावर घेतलेल्या जादा रकमेची क्रेडिट नोट जीएसटीसह काढा, आणि दोन ट्रे बदलून द्या. हे २१ जुलैपर्यंत झालं नाही तर ॲडव्हान्सच्या उरलेल्या रकमेसह हिशेब मागू आणि पुढची खरेदी दुसरीकडून करू.

दोन्ही ट्रे पट्टीसकट जसेच्या तसे ठेवले आहेत. माणूस पाठवा, दाखवतो. गुरुवारी नको, आमच्याकडे वीज नसते.

आपला,
मालक व खरेदी प्रमुख